इंजिन ओरडतंय, पण होडी पुढे जात नाही! पंख्याचा बिघाड कसा ओळखायचा?



आजचा पाठ पाठ्यपुस्तकात सापडणार नाही. पण रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या कुठल्याही शाळेत तो चालेल. भाट्ये, साखरतर, जयगड, दाभोळ अशा खाड्यांच्या काठावरच्या शाळांमध्ये बऱ्याच मुलांच्या घरी, नाहीतर शेजारी, होडी असते. होडीला मशीन असतं आणि मशीनला पंखा असतो. इंग्रजीतला 'प्रोपेलर' म्हणजे आपल्याकडचा पंखा.

हा पंखा बिघडला की त्याची लक्षणं दिसतात. इंजिनाचा आवाज बदलतो, होडी थरथरते, वेग कमी होतो. लक्षण एकच असलं तरी त्याची कारणं तीन-चार असू शकतात. मग खरं कारण कसं शोधायचं? हे शोधण्याची पद्धत मुलांना शिकवणं हा आजच्या पाठाचा हेतू आहे. विज्ञान, गणित आणि परिसर अभ्यास हे तिन्ही विषय त्यात आपोआप येतात.

हे एवढं महत्त्वाचं का? खाडीच्या मुखाजवळ ओहोटीच्या वेळी मशीन बंद पडलं, तर पाणी होडीला समुद्राकडे ओढत नेतं. पंखा अचानक तुटूही शकतो, पण अनेकदा तो आधी काही दिवस 'सांगत' असतो. ते सांगणं ज्याला कळतं तो धक्क्यावरच थांबतो.

सगळ्यात आधी सुरक्षितता

मुलांना हे नियम पाठ पाहिजेत.

१. पंख्याजवळ हात नेण्याआधी इंजिन बंद करायचं आणि चावी किंवा सुरक्षा दोरी काढून आपल्या खिशात ठेवायची. फक्त न्यूट्रल करून भागत नाही.
२. पंखा तपासणं हे मोठ्या माणसांचं काम आहे. मुलांनी बघायचं, प्रश्न विचारायचे, वहीत लिहायचं.
३. होडीत बसताना प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट हवं. होडीत वल्ही, नांगर आणि चार्ज केलेला मोबाइल हवा.
४. समुद्रात संकट आलं तर तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक मुलांना तोंडपाठ हवा.

पंखा होडीला पुढे कसा ढकलतो?

घरातला छताचा पंखा हवा खाली ढकलतो. होडीचा पंखा पाणी मागे ढकलतो आणि होडी पुढे जाते. हा न्यूटनचा तिसरा नियम. दुसरी तुलना स्क्रूची. स्क्रू एक फेरा फिरला की लाकडात ठरावीक अंतर आत जातो. पंखाही एका फेऱ्यात ठरावीक अंतर पुढे जायला हवा. या अंतराला 'पीच' म्हणतात. पंख्यावर बहुधा दोन आकडे कोरलेले असतात. एक व्यास आणि दुसरा पीच, दोन्ही इंचांत.

पण पाणी लाकडासारखं घट्ट नसतं. ते मागे सरकतं, म्हणून पंखा हिशोबापेक्षा थोडं कमी अंतर कापतो. या फरकाला 'घसरण' म्हणू या. पाचवी ते सातवीच्या मुलांसाठी हे एक छान उदाहरण आहे.

समजा, इंजिन मिनिटाला ४००० फेरे फिरतंय. गिअरमुळे पंखा त्याच्या निम्मे, म्हणजे २००० फेरे फिरतो. पीच १० इंच, म्हणजे साधारण २५ सेंमी. मग एका मिनिटात २००० × २५ सेंमी = ५०० मीटर, आणि तासाला ३० किमी. प्रत्यक्षात होडी ताशी २१ किमीच जाते. फरक ९ किमी, म्हणजे घसरण ३० टक्के.

थोडी घसरण नेहमीच असते. हलक्या, वेगवान बोटीत ती कमी असते. जड, संथ होडीत बरीच जास्त असते. त्यामुळे नुसत्या ३० टक्क्यांवरून बिघाड ठरत नाही. आपल्या होडीची नेहमीची घसरण माहीत हवी. गेल्या महिन्यात ३० होती आणि आज ५० झाली, तर मात्र काहीतरी बिघडलंय. म्हणजेच होडी ठीक असतानाची नोंद वहीत असेल, तरच बिघाड ओळखता येतो.

पहिला प्रश्न : भरती की ओहोटी?

"आज होडी हळू चाललीय" असं कुणी म्हणालं की लगेच पंख्याला दोष देऊ नका. आपल्या खाड्यांत दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी असते. उधाणाच्या दिवसांत पाण्याची ओढ जास्त, भांगाच्या दिवसांत कमी. मोबाइलवर दिसणारा वेग जमिनीच्या तुलनेत असतो, पाण्याच्या तुलनेत नव्हे.

यावर सोपा उपाय आहे. इंजिनाचे फेरे तेवढेच ठेवून तेच अंतर लगोलग दोन्ही दिशांनी जायचं. समजा, पाण्याबरोबर जाताना वेग १२ आला आणि पाण्याविरुद्ध येताना ८. सरासरी १०. हा होडीचा स्वतःचा वेग. पाण्याची ओढ ताशी २ किमी.

इथे मुलांना एक गंमत दाखवा. एक किमी जायला ५ मिनिटं आणि परत यायला साडेसात मिनिटं लागली. दोन किमीला साडेबारा मिनिटं, म्हणजे ताशी ९.६ किमी. मग १० खरे की ९.६? सगळ्या प्रवासाचा सरासरी वेग ९.६, पण होडीचा पाण्यातला वेग १०. आपल्याला तपासायचा आहे पंखा, म्हणून १० हा आकडा घ्यायचा. सातवीची मुलं यावर मस्त वाद घालतात.

भरती-ओहोटी आणि वारा यांचा हिशोब केल्यावरही वेग कमीच येत असेल, तर लक्षणांकडे वळा.

लक्षण १ : आवाज वाढतो, वेग वाढत नाही

इंजिन जोरात फिरतंय, पण ढकलणारा जोर पाण्यापर्यंत पोहोचत नाही. मुख्य कारणं तीन.

(अ) पिन तुटली. बऱ्याच लहान आऊटबोर्ड मशीनमध्ये पंखा आणि दांडा यांना जोडणारी एक पिन असते. ती मुद्दाम कमजोर ठेवलेली असते. पंखा दगडावर आपटला की पिन तुटते आणि महागडा गिअर वाचतो. घरात जास्त वीज खेचली गेली की फ्यूज उडतो ना, अगदी तसंच. ओळख : होडी अजिबात पुढे जात नाही. इंजिन बंद करून, चावी काढून, गिअर टाकलेला ठेवून मोठ्या माणसाने पंखा हाताने फिरवला तर तो सहज गोल गोल फिरतो. होडीत जादा पिन आणि पक्कड ठेवायची ती यासाठीच.

(आ) पंख्याच्या आतलं रबर सुटलं. काही पंख्यांच्या मध्यभागी पिनेऐवजी रबराचा बुश घट्ट बसवलेला असतो. तो जुना झाला की घसरतो. ओळख : हळू चालवताना सगळं ठीक, जोर दिला की इंजिन ओरडतं आणि होडी मागे पडते. तपासणी फार सोपी आहे. पंख्याच्या आतल्या आणि बाहेरच्या भागावरून एकच सरळ रेघ पक्क्या रंगाने मारा. फेरी मारून या आणि बघा. रेघ तुटून दोन तुकडे वेगळ्या जागी दिसले, तर रबर घसरलंय.

(इ) पंखा हवा खेचतोय. पंखा पाण्याच्या पृष्ठभागाच्या फार जवळ असला की वरची हवा आत ओढली जाते. पाण्याऐवजी फेस ढकलला जातो आणि फेसात जोर कुठला? ओळख : हे सतत होत नाही. वळताना, लाटेवर, किंवा सगळी माणसं पुढे बसली की होतं. इंजिन कमी केलं की लगेच थांबतं. उपाय : आधी माणसं आणि सामान थोडं मागे घ्या, पण एकदम मागे गर्दी करू नका. फरक पडला तर कारण सापडलं. नाही पडला तर मशीन फार वर बसवलंय का ते पाहा. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. ती साधारण होडीच्या तळाच्या पातळीला हवी.

या पट्टीला बरेच जण 'कॅव्हिटेशन प्लेट' म्हणतात. पण तिचं काम आहे वरची हवा अडवणं. कॅव्हिटेशन हा प्रकार वेगळा. पंखा फार जोरात फिरला की पात्याच्या पुढच्या बाजूला दाब इतका कमी होतो की थंड पाण्याचीही वाफ होते! मुलांना हे पटत नाही. तेव्हा कुकर आठवायला सांगा. कुकरमध्ये दाब जास्त, म्हणून पाणी १२० अंशांच्या आसपास उकळतं. महाबळेश्वरला हवेचा दाब कमी, म्हणून ९५-९६ अंशांनाच उकळतं. दाब आणखी खूप कमी केला तर? साध्या तापमानालाही उकळेल. वाफेचे हे बुडबुडे फुटताना धातूवर हातोडीसारखे बसतात आणि पात्यावर बारीक खड्डे पडतात. इंग्लंडच्या चार्ल्स पार्सन्सच्या 'टर्बिनिया' बोटीला सुरुवातीला याच कारणाने वेग मिळत नव्हता. अखेर त्यांनी एकाऐवजी तीन दांडे आणि त्यांवर मिळून नऊ पंखे बसवले, आणि १८९७ साली ती बोट जगातली सर्वांत वेगवान बोट म्हणून गाजली. आपल्या खाडीतल्या संथ होडीत मात्र हवा खेचली जाण्याची शक्यताच जास्त.

लक्षण २ : होडी थरथरते

पहिली चाचणी : गिअर काढून इंजिन त्याच फेऱ्यांवर थोडा वेळ चालवा. थरथर तशीच राहिली, तर दोष बहुधा इंजिनात किंवा ते बसवलेल्या जागेत आहे. थरथर थांबली, तर पंखा किंवा दांडा तपासा.

पंख्याकडे जाताना सोप्या गोष्टीपासून सुरुवात करा. एका बाजूला जाळ्याचा तुकडा किंवा दोरी अडकलीय का? नट सैल आहे का? पातं वाकलंय किंवा त्याचा तुकडा उडालाय का? भाट्ये खाडीच्या मुखाशी गाळ साचतो. अशा ठिकाणी ओहोटीला पंखा तळाला लागला की पात्यांच्या कडा झिजतात, वाकतात.

वाकलेलं पातं नुसत्या डोळ्यांना कळत नाही. होडी किनाऱ्यावर असताना एक काठी पात्याच्या टोकाजवळ पक्की रोवा. पंखा हाताने सावकाश फिरवा आणि प्रत्येक पात्याचं टोक काठीपासून किती मिलिमीटरवर येतं ते पट्टीने मोजा. तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. एकच वेगळा आला तर तेच पातं वाकलंय. तिन्ही सारखे असूनही थरथर असेल, तर दांडा वाकलाय का किंवा त्याचं बेअरिंग झिजलंय का, हे मेकॅनिककडून पाहून घ्या.

लक्षण ३ : इंजिन दबतं, फेरे चढत नाहीत

इथे पहिल्या लक्षणाच्या उलटं होतं. इंजिनावर ओझं जास्त पडतंय. डिझेल इंजिन असेल तर काळा धूर येतो. अशा वेळी विचारायचा प्रश्न : हे अचानक झालं की हळूहळू?

अचानक झालं असेल तर पंख्यात दोरी, जाळं किंवा प्लास्टिकची पिशवी अडकली असण्याची शक्यता सर्वांत जास्त. इंजिन ताबडतोब बंद करा. पिशवीने थंड पाणी आत घेणारी जाळीही बुजू शकते. म्हणून आऊटबोर्ड मशीनमधून बाहेर पडणारी पाण्याची धार चालू आहे का, हे अधूनमधून बघायची सवय हवी. नायलॉनचा दोरा पंख्यामागे दांड्याला गुंडाळला गेला तर तो तिथलं सील कापतो. मग गिअरच्या तेलात पाणी शिरतं आणि तेल दुधासारखं पांढरट दिसतं. तसं दिसलं तर दुरुस्ती पुढे ढकलू नका.

महिन्या-दोन महिन्यांत हळूहळू झालं असेल तर होडीच्या तळाला आणि पंख्याला चिकटलेले कवचाचे जीव आणि शेवाळ बघा. खाऱ्या पाण्यात ते भराभर वाढतात. कोयनेच्या शिवसागर जलाशयासारख्या गोड्या पाण्यात हे कवचाचे जीव नसतात, तिथे शेवाळ असतं. खरखरीत तळ म्हणजे चिखलातून सायकल चालवणं. दोष पंख्याचा नसतो, पण त्रास त्याला होतो.

आणि नवा पंखा बसवल्यापासूनच हे होत असेल, तर बहुधा पीच जास्त आहे. सायकल जड गिअरवर टाकून घाटी चढल्यासारखं. जुन्या आणि नव्या पंख्यावरचे आकडे जुळवून पाहा. यांपैकी काहीच नसेल तर डिझेलचा फिल्टर तुंबलाय का ते पाहा. पंख्यात दोष नाही हे कळणं हेही निदानच.

एका वेळी एकच बदल

हा या पाठाचा गाभा. समजा, कुणी एकाच दिवशी तळ घासला, पंखा बदलला आणि फिल्टरही साफ केला. होडी पळायला लागली. छान! पण कशामुळे? कळणार नाही. पुढच्या वेळी पुन्हा तिन्ही गोष्टींवर पैसे जातील. म्हणून क्रम असा ठेवा :

१. लक्षण नेमक्या शब्दांत लिहा. 'होडी बरोबर नाही' असं नको. 'वळताना आवाज वाढतो' असं हवं.
२. कधीपासून? कुठे? त्याआधी काय बदललं?
३. संभाव्य कारणं लिहा.
४. सर्वांत सोपी आणि बिनखर्चाची तपासणी आधी करा.
५. एक बदल करा, पुन्हा त्याच मार्गावर चालवून मोजा, आणि नोंद ठेवा.

कधी कधी बिघाडच नवं शिकवतो. १८३७ साली लंडनजवळच्या कालव्यात फ्रान्सिस पेटिट स्मिथ हा शेतकरी आपल्या छोट्या बोटीची चाचणी घेत होता. तिचा लाकडी स्क्रू दोन वेढ्यांचा होता. कशाला तरी धडकून त्याचा अर्धा भाग तुटला, आणि बोट चक्क जास्त वेगाने धावू लागली! स्मिथने 'नशीब' म्हणून सोडून दिलं नाही. त्याने पुढचा स्क्रू एकाच वेढ्याचा केला.

शिक्षकांनो, हीच पद्धत आपल्यालाही लागू पडते. वजाबाकी चुकणाऱ्या चार मुलांची चार कारणं असतात. एकाला हातचा कळलेला नसतो, एक अंक उलटे मांडतो, एकाला फळा दिसत नाही, एकाने सकाळपासून खाल्लेलं नसतं. 'अभ्यास करत नाही' हे निदान नव्हे. ते 'होडी बरोबर नाही' म्हणण्यासारखंच आहे.

वर्गात घ्यायच्या कृती

कृती १ : स्क्रूचा पीच. जाड बोल्ट आणि नट घ्या. नट दहा फेरे फिरवा, किती मिमी सरकला ते मोजा, दहाने भागा.

कृती २ : थरथर. खेळण्यातल्या सेलवर चालणाऱ्या मऊ पात्यांच्या पंख्याच्या एका पात्याला चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे द्या. पंखा चालू करून बाहेरचा दांडा हातात धरला की थरथर जाणवते. मग समोरच्या पात्याला तेवढीच पट्टी लावा. काय फरक पडला? का?

कृती ३ : 'होडीचा डॉक्टर' खेळ. एक मूल होडी होतं. त्याच्या चिठ्ठीत बिघाड लिहिलेला असतो, उदा. 'पिशवी अडकली'. बाकीच्यांनी फक्त हो किंवा नाही असं उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे. सर्वांत कमी प्रश्नांत कारण शोधणारा गट जिंकला. 'पंखा मोडलाय का?' असे थेट अंदाज करणारे गट हरतात आणि 'अचानक झालं का?' असं विचारणारे जिंकतात, हे मुलांच्या दोन-तीन डावांत लक्षात येतं.

कृती ४ : शब्दसंग्रह. होडी, मशीन आणि पंखा यांच्या भागांना घरी काय म्हणतात ते आजोबा, बाबा, काका यांना विचारून लिहून आणायचं. एकाच भागाला दोन गावांत वेगळी नावं मिळाली तर दोन्ही फळ्यावर लिहा. चूक कुठलंच नाही.

पालकांना एक विनंती

जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. शाळाही नुकतीच सुरू झालेली असते. तेव्हा एक तास मुलांसाठी काढा. मशीन बंद असताना पंखा दाखवा, पात्यावरचे वार दाखवा, कुठला कशामुळे पडला ते सांगा. शक्य असेल तर शाळेत येऊन सगळ्या वर्गाला सांगा. बाबांना किंवा काकांना जे येतं ते 'शाळेतलं ज्ञान' आहे, हे मुलाला त्या दिवशी पहिल्यांदा कळेल. वर्गात मागे बसणारं ते मूल त्या तासाला बहुतेक पुढे येऊन बसलेलं असेल.

शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयामुळे रत्नागिरीत या विषयाचं पुढचं शिक्षणही उपलब्ध आहे. आठवीनंतर 'आता काय?' असा प्रश्न पडलेल्या मुलांना हेही आवर्जून सांगा.

आणि घरी आजपासून एक वही ठेवा : तारीख, भरती की ओहोटी, इंजिनाचे फेरे, वेग, काही वेगळं जाणवलं का. ती लिहायचं काम मुलाकडे द्या. गणिताचा सराव होईल, आणि होडी काही 'सांगू' लागली तर ते घरात सर्वांत आधी त्याच्याच लक्षात येईल.